उंदीरकाकांची पक्की चूक

गणपतीत उंदीरकाका आमच्या धारच्या घरी न चुकता यायचे, पण गणपती बसलेल्या खोलीचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. आरती सुरू झाली की घरातली सगळी माणसं आत, टाळ्या-झांजांचा गोंधळ, आणि काका बाहेर चपला काढायच्या जागेजवळ भिंतीला टेकून उभे. आवाज मात्र त्यांचाच सगळ्यांत खणखणीत. आतल्या मंडळींना पुढचं कडवं आठवेनासं झालं की काका ते बाहेरून उचलून धरायचे. प्रसादाचा मोदकही तिथंच, उभ्याउभ्या खायचे.

बाबा दरवर्षी आतून ओरडायचे, "अरे, ये ना आत! उंदराची काही तक्रार आलेली नाही अजून." सगळे हसायचे. काकाही हसायचे, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही आत का येत नाही म्हणून. तेव्हा म्हणाले, "ज्याचं वाहन मी वर्षभर कापतो, मनू, त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं बसू? तो स्वतः काही म्हणणार नाही, मोठ्या मनाचा आहे. पण खाली पायाशी तो छोटा बसलाय ना, तो बघतो माझ्याकडे." मी लगेच आत जाऊन मूषकाचे डोळे तपासून आले. ते रंगवणाऱ्यानं जरा तिरळेच काढले होते.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. खरं नाव श्रीनिवास, पण ते लग्नपत्रिकेपुरतं आणि रेशनकार्डापुरतं. महूला ते जनावरांचे डॉक्टर झाले. आता हे गाई-म्हशींचा दवाखाना काढणार अशी घरच्यांची समजूत होती. काढला नाही. देवासला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. तिथं उंदीर पाळलेले असत. त्यांना औषधं द्यायची, काय होतं ते बघायचं, आणि शेवटी उंदीर मारून त्यांच्या हाडामांसाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, हे काकांचं काम. आमचे पूर्वज धारच्या दरबारात कामाला होते, तेव्हापासून घरात कोण काय करतं हे सांगताना आवाज जरा चढवायची पद्धत. काकांची पाळी आली की तो उतरायचा. "देवासला असतो, औषध कंपनीत, मोठ्या हुद्द्यावर," एवढं म्हणून लगेच चहाचं विचारायचं. मीही शाळेत तेच सांगायला शिकले होते. एकदा माझ्या मैत्रिणीला काकांनी स्वतःच सांगून टाकलं, "बेटा, मैं चूहे काटता हूँ." मला वाटलं, झालं, उद्यापासून बाकावर माझ्याशेजारी कोणी बसणार नाही. उलट दुसऱ्या दिवशी तिघीजणी बसायला आल्या. त्यांना उंदरांच्या गोष्टी हव्या होत्या. लाज मला एकटीलाच वाटत होती.

उंदरांना ते 'पोरं' म्हणायचे. "आज पोरांना नवीन भुसा घातला," "एक पोर सकाळपासून कोपऱ्यात बसलंय." पण कुठल्याही पोराला त्यांनी नाव ठेवलं नाही. "नाव ठेवलं की हात चालत नाही," म्हणायचे. कामावरून आले की आंघोळ, मग चहा, मग पुन्हा हात धुणं. काकू चिडायची, "अहो, साबण संपतो की तुम्ही संपता!" तरी त्यांच्या शर्टाला भुशाचा एक कोरडा वास असायचाच. मला तो आवडायचा, पण तसं मी कोणाला सांगितलं नाही.

त्यांच्या कामातलं त्यांना सर्वांत प्रिय काय असेल तर सांध्यातली कूर्चा. आपण जिला गुडघ्यातली गादी म्हणतो ती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी देवासला गेले की टेकडीखालच्या त्यांच्या घराच्या गच्चीवर ते मला ती समजावून सांगायचे. मी विचारलेलं नसायचं. "नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या हाडांची टोकं म्हणजे सगळी कूर्चाच. तिच्यातल्या पेशी अशा एकाखाली एक रांगेत उभ्या असतात, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी राहतात तशा. त्या रांगेतूनच हाड वाढतं. काय शिस्त असते म्हणून सांगू!" मग त्यांचा आवाज खाली यायचा. कंपनीनं काही खास जातीचे उंदीर आणवले होते. शरीराचे भाग एकमेकांना धरून ठेवणारा जो धागा असतो, तोच त्यांच्यात जन्मापासून कच्चा होता. त्यांची कातडी ताणली की ताणतच जायची, पाय वाटेल तसे वळायचे. "आणि आत बघावं तर रांगा मोडलेल्या. सोनकच्छच्या स्टँडवर भोपाळची बस लागली की माणसं धावतात ना, तसा सगळा गोंधळ." असल्या उंदरांच्या सांध्यांसाठी औषध शोधायचं चाललं होतं, कारण माणसांतही हा कच्चा धागा कुठेकुठे असतो.

तो आमच्याच घरात आहे हे तेव्हा काकांच्याही लक्षात आलं नव्हतं. ह्याचं कारण आमच्या घराण्याचा मोठेपणा. आम्हा सगळ्यांचे सांधे सैल. बाबांचा अंगठा मागं वळून मनगटाला टेकतो, काकांची बोटं उलटी वाकायची, माझं तर अंगच घडीचं. दुसऱ्या कोणी हे डॉक्टरला दाखवलं असतं. आमच्याकडे ते पाहुण्यांना दाखवलं जायचं. आमचे एक पूर्वज म्हणे दरबारात तासन्‌तास एकाच बैठकीत बसायचे, पाय न बदलता, आणि महाराज खूष होऊन म्हणाले होते, ह्यांची हाडं लोण्याची आहेत. तेव्हापासून लोण्याची हाडं हे आमच्या खानदानीपणाचं लक्षण ठरलं. मुलगी बघायला येणाऱ्यांसमोरसुद्धा आमच्या आत्यांनी बोटं वाकवून दाखवली आहेत. ह्या बाबतीत घरात सर्वांत उत्साही कोण, तर आमचे काकाच.

मी लहान असताना ते मला उचलून गादीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "मनू, कर बरं पुडी." मी पाय मानेमागं घालून पुडी व्हायचे. काका टाळ्या वाजवायचे. अमझेऱ्याला एका लग्नात जेवणाच्या पंगती उठल्यावर त्यांनी मला सतरंजीच्या मधोमध बसवून पुडी करायला लावली, आणि एका वयस्कर बाईंनी घाबरून पदर तोंडाला लावला तेव्हा काका लोटपोट हसले. "ही पोरगी नाही, रबर आहे रबर!" मला त्या रात्रीचा अभिमान पुढं कितीतरी दिवस पुरला. धारला योगासनांचा वर्ग सुरू झाला तेव्हा बाबांच्या मागं लागून मला तिथं घालणारे काकाच. वर्ग घेणाऱ्या सरांना सगळं गाव भिया म्हणायचं. भियांनी मला पहिल्या दिवशी पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "भाईसाब, इसको कुछ सिखाना ही नी है. ये तो ऊपर से सीख के आई है." त्यानंतर शाळेत पहिली, तालुक्यात पहिली, जिल्ह्यात पहिली. दर पदकाला काका देवासहून मावाबाटीचा डबा घेऊन हजर. इंदूरला बस बदलून, डबा मांडीवर धरून यायचे, पाकामुळे पँटला डाग पडलेला असायचा, आणि त्या डागाचंही त्यांना कौतुक.

मग एका दिवाळीत काहीतरी बिनसलं. मी सवयीनं पाहुण्यांसमोर पुडी करायला बसले आणि काका उठून बाहेर गेले. मला वाटलं, पान खायला गेले असतील. नंतर मी एकटी असताना ते जवळ आले, माझ्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "वाकव बघू. आता सरळ कर." गुडघा खट् वाजला. "नेहमी वाजतो?" मी फुशारकीनं म्हणाले, "दोन्ही वाजतात! भिया म्हणतात, खुल रहे हैं." काकांनी हात काढून घेतला. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला आठवतो. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा असतो तसा तो होता, आणि चोर कोण हे मला कळत नव्हतं.

झालं होतं असं. कच्च्या धाग्याच्या त्या पिल्लांचे त्यांनी दोन गट केले होते. एक गट पिंजऱ्यात आपल्या मर्जीनं हिंडायचा. दुसऱ्याला रोज चाकावर पळवायचं, जाळीवर चढवायचं, पाय ताणले जातील असं करायचं. वरून बघितलं तर दुसरा गट भारी चपळ. पण पिल्लं मोठी झाल्यावर काकांनी दोन्ही गटांतले गुडघे कापून शेजारीशेजारी ठेवले, तेव्हा पळवलेल्यांची गादी कडेनं विरलेली होती. "बाग गावचं छापील कापड असतं ना," ते बाबांना फोनवर सांगत होते, "वरची छपाई झकास, पण वीणच विरळ असेल, तर जितकं झटकाल तितकं ते जाईल. दादा, आपली वीण विरळ आहे. ही पोरगी झटकू नको." बाबा म्हणाले, "श्रीनिवास, तू तुझी उंदरं सांभाळ. माझी पोरगी उंदीर नाही." राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. बाबांनी फोन ठेवला. त्यानंतर काकांनी पुन्हा पुन्हा फोन केला तो कोणी उचलला नाही.

निवड धारमध्येच, एका शाळेच्या मैदानावर होती. मंडप, सतरंज्या, मागं मुलींची रांग, पुढं खुर्च्यांवर परीक्षक. माझी पाळी आली. मी सगळी आसनं उत्तम केली आणि शेवटच्या आसनासाठी दोन्ही पाय मानेमागं अडकवून, हात जोडून, तोंडावर शिकवलेलं हसू आणून बसले. तेवढ्यात मंडपाच्या कडेनं काका येताना दिसले. सकाळच्या बसनं आले असणार. केस विस्कटलेले, हातात डबा नाही. मला वाटलं, कौतुकानं बघायला आलेत. ते सरळ सतरंजीवर आले, चपला घालूनच.

परीक्षकांना म्हणाले, "इसको रोकिए. ये हुनर नहीं है, बीमारी है. मैं डॉक्टर हूँ."

भिया धावत आले. "अरे काकासाब, ये क्या कर रिये हो आप? बच्ची का सिलेक्शन है!"

काकांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ते माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात जोडले. "मनू, माझं चुकलं ग. मीच तुला ह्यात घातलं. मला माफ कर." आणि रडायला लागले. चष्म्याच्या खालून पाणी ओघळत होतं आणि ते पुसतही नव्हते.

मी पाय मानेमागं घेऊन तशीच बसलेली. घाईघाईनं सुटायला गेले तर एक गुडघा अडकला. माझ्यापुढं एक मोठा माणूस हात जोडून रडतोय, माझेही हात आसनातले तसेच जोडलेले, आणि मला साधं उठून पळताही येत नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "बीमारी है इसको," आणि ते रांगेच्या टोकापर्यंत गेलेलं मला ऐकू आलं. शेवटी भियांनी माझा पाय सोडवला. मी उठून मंडपामागं गेले आणि पाण्याच्या टाकीला डोकं टेकवून उभी राहिले. आयुष्यात पुढं लाज वाटावी असे प्रसंग पुष्कळ आले, लाज वाटण्याच्या बाबतीत मी तशी भाग्यवान आहे. पण त्या दिवसाइतकी मी कधी उघडी पडले नाही.

निवड अर्थात झाली नाही. इंदूरच्या डॉक्टरांनी बोटं, कोपर, गुडघे वाकवून बघितले आणि म्हणाले, सांधे सैल आहेत हे खरं, पुढं त्रास होईल, न होईल, सांगता येत नाही, जपा. एवढ्यावर भियांनी मला वर्गातून काढलं. "कल को कुछ हो गया तो मेरे माथे," असं म्हणाले. त्यांचीही चूक नव्हती. शाळेत मी 'बीमारीवाली' झाले. बाबा भावाशी बोलेनासे झाले, आणि लोण्याच्या हाडांची गोष्ट आमच्या घरातून कायमची गेली. पाहुणे आले की आम्ही आता हात मांडीखाली घेऊन बसायला लागलो.

काकांनी मला वाऱ्यावर सोडलं नाही, हेही सांगायला हवं. उंदरांचा आणखी एक गट त्यांनी केला होता, पळवलेला नाही आणि बसवलेलाही नाही, हळूहळू पायात बळ आणवलेला. त्यावरून ते आईला फोनवर सांगायचे, मांडीचे स्नायू असे घट्ट करवून घ्या, सायकल चालवू दे, उड्या नकोत. आई मला खोलीचं दार लावून ते व्यायाम करायला लावायची. मी तोंड वाकडं करून करायचे, पण करायचे. काका आले की मात्र "नमस्कार काका" ह्यापलीकडे माझ्या तोंडून शब्द निघत नसे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. आपल्याला हेच योग्य आहे अशा समजुतीनं ते माझा अबोला घ्यायचे.

त्यांच्यातही एक गोष्ट बदलली होती. माझ्या पायांकडे ते चुकूनसुद्धा बघायचे नाहीत. जगातल्या कुठल्याही प्राण्याच्या चालण्याकडे बघत बसणारा माणूस. रस्त्यातली लंगडी कुत्री, पाय मुरगळलेला बैल, शेजारच्या आजोबांची काठी, सगळ्यांवर त्यांचं बोलून झालेलं असायचं. मी खोलीत आले की ते माझ्या चेहऱ्याकडे, नाहीतर घड्याळाकडे बघून बोलायचे. माझ्या लग्नात आम्ही दोघं पाया पडायला वाकलो, तेव्हा त्यांनी एकदम मागं सरकून खुर्चीच पाडली. "राहू दे, राहू दे. सगळं पोचलं," म्हणाले. माझ्या नवऱ्याला वाटलं, काका फार आधुनिक विचारांचे आहेत.

दरम्यान कंपनीनं सांध्यांच्या औषधाचं काम बंद केलं. औषध निघालंच नाही. निवृत्त झाल्यावर काका माझ्याशी एकदाच ह्याबद्दल बोलले, देवासला, काकूनं मला पोहे आणायला आत बोलावलं तेवढ्या वेळात, दारात उभं राहून. "इतकी पोरं गेली. काहीतरी निघालं असतं तर म्हटलं असतं, बाबांनो, तुमच्यामुळं अमक्याचे गुडघे वाचले. आता काय सांगू?" मला वाटलं, त्या 'अमक्या'च्या जागी ते माझं नाव घेतील की काय. घेतलं नाही.

गेल्या वर्षी मी स्कूटरवरून पडले. बसस्टँडजवळच्या उतारावर वाळू होती. गुडघा सुजला म्हणून एमआरआय काढला. डॉक्टरांनी फिल्म बघून विचारलं, "तुमचे सांधे जन्मापासून सैल आहेत ना?" मी मान हलवली. ते म्हणाले, "म्हणूनच आश्चर्य वाटतं. मार वरवरचा आहे. आतली गादी फार छान राहिली आहे. कसं काय जपलंत?" मी तिथंच खुर्चीवर रडायला लागले. डॉक्टर बिचारे पुन्हा पुन्हा सांगत होते की बातमी चांगली आहे.

काका तेव्हा आजारीच होते. हृदय थकलं होतं, जेवण जवळजवळ बंद झालेलं. सूज उतरल्यावर मी ती फिल्म घेऊन देवासला गेले. बसमध्ये मनाशी वाक्यं जुळवत होते. काका, तुमचं बरोबर होतं. काका, मी तुम्हाला माफ केलंय. स्वतःच्या मोठेपणानं माझा ऊर भरून आला होता. दारात काकू म्हणाली, "ये बाई. हे तर सकाळपासून वाट बघून राहिलेत."

काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी फिल्म पुढं केली. त्यांनी हात मागं घेतला. "हा एक गुडघा नको मला," म्हणाले. मी हट्टानं ती खिडकीच्या काचेवर धरली. शेवटी सवय कुठं जाणार. त्यांनी चष्मा चढवला, मान पुढं केली आणि किती तरी वेळ बघत राहिले.

"सुंदर आहे," ते म्हणाले.

"म्हणजे तुमचं बरोबर होतं ना, काका?"

"ह्यावरून ते कळत नाही ग."

"डॉक्टर स्वतः म्हणाले!"

"डॉक्टर एक गुडघा बघतात. मला नेहमी दोन लागायचे. एक पळवलेला, एक न पळवलेला. दोन्ही शेजारी ठेवायचे आणि मग तोंड उघडायचं. तू आसनं करत राहिली असतीस, तो गुडघा कुठाय? कदाचित तोही असाच असता. उंदराला झालं ते माणसाला होतंच असं नाही. मग मी तुझं सगळं उगीच घालवलं. कदाचित नसता. कसं कळणार?" त्यांना धाप लागली. जरा थांबून म्हणाले, "तू लंगडली असतीस तर मला मरणाचं दुःख झालं असतं. आणि तू नीट चालत यायचीस, तेव्हा वाटायचं, बघ, काहीच झालं नसतं हिला. म्हणून बघतच नव्हतो."

मी फिल्म खाली घेतली. माफीचं जुळवून आणलेलं वाक्य तसंच राहून गेलं. कुठल्या तोंडानं देणार होते मी ती माफी? ज्या गुन्ह्याची ती होती तो घडला की नाही हेच ह्या माणसाला इतकी वर्षं ठरवता आलं नव्हतं, आणि मी बक्षीससमारंभाला आल्यासारखी आले होते. स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या लाजेपोटी मला रागच आला. आमच्यात तो असाच येतो.

"काका, थांबवलंत त्याचा मला राग नव्हताच कधी," मी म्हणाले. बोलताबोलता मलाच कळत गेलं की हे खरं आहे. "संघात जायचं राहिलं म्हणून मी रडले नाही. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यापुढं हात का जोडलेत? मी तिथं मानेत पाय अडकवून बसलेली. गुडघा सुटत नव्हता माझा. सगळं मैदान बघतंय, आणि तुम्ही आपले रडताय. आधी मला सोडवायचं, घरी न्यायचं, मग काय माफी मागायची ती मागायची होती!"

काकू दारात थबकली. काका माझ्याकडे बघत होते.

"पाय अडकला होता?"

"हो."

"आणि मी समोर हात जोडून."

"हो! भियांनी सोडवलं मला."

"मला दिसलंच नाही," काका म्हणाले. "मी डोळे पुसले असते तर दिसलं असतं. मी माझंच बघत बसलो होतो." मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला, कोणी छातीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसा. "अगं, मग ही तर पक्की चूक झाली. हिच्या शेजारी काही ठेवून बघायला नको. ही माझी, शंभर टक्के माझी."

त्यांनी पांघरूण बाजूला केलं, काकूच्या हाताला धरून पाय खाली सोडले आणि नीट बसले. हात जोडायला उचलले, आणि मध्येच थांबून मांडीवर ठेवले. "हात जोडत नाही, तुला आवडत नाही. मनू, तुझा पाय अडकला होता आणि मी तुला आधी सोडवलं नाही. माझं चुकलं."

"केलं माफ," मी म्हणाले.

त्या दुपारी ते वरणभात जेवले, आणि काकूला म्हणाले, "लोणचं कुठाय?" काकू पदरानं डोळे पुसत बरणी शोधत होती. महिनाभरानं ते गेले.

माझे गुडघे अजून दुखत नाहीत. जिना चढताना कधीतरी ते ध्यानात येतं आणि मी थांबते. एवढं सुख काकांच्या त्या पोरांच्या जिवावर मिळालं, की ते माझं होतंच, हे मला कोणीही सांगू शकत नाही. काका असते तर त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि ते त्यांनी लाजत लाजत कबूल केलं असतं. मग मी वर जाते, आणि चांगल्या पायांनी वर जाण्याची मला थोडी लाज वाटते.